मेश्राम मॅडमचं ‘जमते’

मेश्राम मॅडम कुणाचं कौतुक करत नसत. आर्णीच्या ज्युनिअर कॉलेजात त्या आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायच्या. अवघड गणित बरोबर आलं, की वही परत सरकवत म्हणायच्या, “जमते तुले.” एवढंच. माझ्या वाट्याला ते एकदाच आलं. आईनं त्या दिवशी शेजारीपाजारी जिलबी वाटली. “जास्त चांगलं बोललं का पोरगं तिथंच बसून राह्यते,” असं मॅडमचं म्हणणं.

पुढे मी पुण्यात एका खासगी विद्यापीठाच्या प्रवेश विभागात लागलो. तिथे अर्ज प्रदेशवार वाचतात. विदर्भाचे अर्ज माझ्याकडे, कारण मी तिकडचा. कुठल्या कॉलेजात प्रयोगशाळेला बारा महिने कुलूप असतं, तिथल्या गुणांची किंमत काय धरायची, हे समितीला सांगायचा मला पगार मिळे.

एका वर्षी मॅडमच्या विद्यार्थिनीचा, पल्लवीचा अर्ज आला. सोबत मॅडमचं शिफारसपत्र: ‘मुलगी नियमित आहे. तिला भौतिकशास्त्र जमते.’ मोठ्या शहरांतल्या पत्रांमध्ये ‘असामान्य’, ‘विलक्षण’ यांची नुसती रेलचेल. समितीतले एक जण हसून म्हणाले, “हिच्या बाईंनाच खात्री दिसत नाही.” त्या ‘जमते’चा अर्थ त्या खोलीत फक्त मला ठाऊक होता. गाववाल्यांची बाजू घेतो म्हणतील, या भीतीनं मी गप्प बसलो. पल्लवीला प्रवेश मिळाला नाही.

दिवाळीत मॅडमकडे गेलो, तर पहिला प्रश्न तोच. “काहून रे, पल्लवीचं काहून नाई झालं?”

“स्पर्धा फार होती, मॅडम.”

“नाई बापू. माह्याच चिठ्ठीत कमी पडलं असंन.”

पुढच्या खेपेला त्यांची तीन पत्रं आली. तिन्हींत ‘असामान्य’. यातल्या कुणाला खरंच जमतं, हे आता मलाही कळेना.

त्याच आठवड्यात मी आर्णी गाठली आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. मॅडम तुरीच्या शेंगा सोलत होत्या, सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, “मले कायले सांगून राह्यला? माही सीट गेली का?” आणि चपला पायात सरकवल्या. “काढ गाडी.”

पल्लवी यवतमाळला बी.एस्सी. करत होती, रविवार म्हणून घरी आली होती. दारातच मॅडम तिला म्हणाल्या, “हा माहा जुना विद्यार्थी. तुह्या ॲडमिशनचं याले काही सांगाचं हाय.” आणि स्वतः तिच्या आईशी बोलायला आत निघून गेल्या.

पल्लवीनं खुर्ची पुढे केली. मी उभ्यानंच बोलायला लागलो.