अठरा गिअरचा मामा

धापा टाकण्याचा गर्व असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दुर्दैवानं तो माझा सख्खा मामा होता. जऊळक्याला भाजी विकून तो सायकलवरून किन्हीराजात शिरायचा तेव्हा पायडल कण्हत कण्हत फिरायचं आणि मामाचं तोंड लालबुंद झालेलं असायचं. त्याचं घर गावाच्या अलीकडच्या टोकाला होतं. पण तिथं न थांबता तो आधी पारापर्यंत एक चक्कर मारायचा, म्हणजे बसलेल्या मंडळींना त्याचा घाम दिसावा. "जड गिअर ओढते तो मर्द," तो म्हणायचा, "हलक्या गिअरवर त शेंबडं पोट्टंही चढ चढते."

सायकल कमावलेली नव्हतीच. रेल्वेच्या कामावर आलेल्या एका इंजिनिअरच्या बिऱ्हाडी मामा मेथी-वांगी पोचवायचा. बदली झाली तेव्हा त्या भल्या माणसानं आपली डोंगरात चालवायची परदेशी सायकल त्याला देऊन टाकली. जाड टायर, पुढं तीन चक्रं, मागं सहा, असे अठरा गिअर. त्या दिवसापासून मामाचं डोकं फिरलं ते फिरलंच. लग्नाच्या पंगतीत, मयताच्या बैठकीत, कुठंही तो विचारायचा, "तुया सायकलीले गिअर किती?" समोरच्याकडं सायकलच नसली तरी विचारायचा. गावानं त्याचं नाव अठरा गिअर ठेवलं. ती टिंगल आहे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

पोळ्याला तर लाज यायची. बैल विकून टाकल्यावर दुसरा कोणी त्या दिवशी गुमान घरी बसला असता. आमचे मामासाहेब आदल्या संध्याकाळी, बैलांचे खांदे मळतात त्या खांदेमळणीला, सायकलच्या हँडलला हळद-लोणी चोळायचे आणि तिच्यासमोर हात जोडून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी हँडलच्या दोन्ही टोकांना बैलाच्या शिंगांना लावतात तो लाल हिंगूळ, कॅरिअरवर झूल, आणि तोरणाखाली खऱ्या बैलांच्या रांगेत ही सायकल उभी. मामी बिचारी पुरणपोळीचं ताट घेऊन पुढच्या चाकाला कुंकू लावायची. मी मान खाली घालून उभा राहायचो.

माझं दहावीचं वर्ष मामाकडं गेलं. परीक्षेचं केंद्र जऊळक्याला होतं आणि गणिताच्या पेपरच्या दिवशी एसटी आलीच नाही. मामा वांग्यांचं पोतं बांधून निघायच्या तयारीत होता. मी म्हटलं, "मामा, मले मांगं बसवून घे." त्यानं माझ्याकडं पाहिलं, पोत्याकडं पाहिलं. "तुया पायाले काय झालं? टायर घासते ना बाप्पा." आणि गेला. मी चालत गेलो, अर्धा तास उशिरा पोचलो आणि गणितात काठावर पास झालो. भाच्यापेक्षा वांगी जड मानणारा माणूस म्हणून मी त्याच दिवशी त्याला मनातून काढून टाकलं. पुढं वाशीमला नोकरी लागली, लग्न झालं, पण मामाशी मी कामापुरतंच बोललो.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेला. तेराव्यानंतर मामीनं मला ओसरीवरच्या सायकलीकडं बोट दाखवलं. "हे तू ने. ठेव, दुरुस्त कर, नाई त विकून टाक. मले ते रोज अशी उभी पाहवत नाई." मूलबाळ नसलेल्या घरात आता मामी आणि ती सायकल एवढंच उरलं होतं. मी टेम्पोत घालून ती वाशीमला आणली. मनात सरळ हिशेब होता: विकायची, आणि मामाची ती शेवटची बढाईही घराबाहेर घालवायची.

माझ्या मुलीनं नेटवर फोटो टाकला आणि पुण्याच्या, जुन्या सायकली जमवणाऱ्या एका गृहस्थाचा फोन आला. अशी सायकल आता मिळत नाही, म्हणाला, हात लावू नका, आहे तशी घेतो, रविवारपर्यंत सांगा. हँडलला लाल रंग कसला, असंही त्यानं विचारलं. पोळ्याचा, म्हटलं. बायकोचं म्हणणं पडलं की नीट दुरुस्त केली तर मुलगी चालवेल. म्हणून देण्याआधी मी ती एकदा मिस्त्रीला दाखवली.

मिस्त्रीनं मागचं चाक खोललं आणि दातेरी चक्रांचा गठ्ठा माझ्यापुढं धरला. "सर, मागच्या सहातली पाच चक्रं कोऱ्यासारखीच हायेत. हे एकच पार झिजलं."

"जड गिअरचं असेल," मी तुच्छतेनं म्हटलं.

"जड कायचं? हे त सगळ्यात मोठं चक्र. सगळ्यात हलका गिअर. याच्याखाली गिअरच नसते."

मला हसू आवरेना. उभी हयात लोकांना मर्दपणा शिकवणारा हा माणूस शेंबड्या पोरांच्या गिअरवर घरी येत होता! त्या दिवशी मला मागं का बसवलं नाही तेही उलगडलं. जाताना बसवलं असतं तर येतानाही बसवावं लागलं असतं, आणि चढावर त्याचं पितळ मला दिसलं असतं. आपला दम कमी आहे हे सांगण्यापेक्षा त्याला भाच्याची पायपीट परवडली. तीस वर्षांनी चोर मुद्देमालासकट सापडला होता. ते चक्र मी कागदात गुंडाळलं आणि रविवारची वाट न पाहता किन्हीराजाची एसटी धरली.

मामीपुढं चक्र ठेवून मी सगळं रंगवून सांगितलं. तिनं झिजलेल्या दातांवरून बोट फिरवलं.

"मले ठाव होतं," ती म्हणाली. "छातीचं दुखणं होतं त्याईले, पयलेपासून. कोनाले सांगू नको म्हनत. गावाच्या तोंडाशी तो कडुलिंब हाये ना, तिथं उतरत, सीट उचलून पायडल हातानं फिरवत, अन् जड गिअर टाकत. खडखड, खट्. इथपर्यंत आयकू ये. तो आवाज आला का मी चाय मांडो. पारावरून येत तोवर उकळे." मग चक्र माझ्या हातात परत देत म्हणाली, "आता चाय कधी मांडाव ते समजत नाई."

लाज वाटली, आणि मामाचा रागही आला. मरूनसुद्धा तो मला जिंकू देत नव्हता.

पुण्याच्या गृहस्थाला नकार कळवला. मिस्त्रीला सांगितलं, तेच झिजलेलं चक्र परत बसव, हिंगूळ खरवडू नको, फक्त चालती कर. तो म्हणाला, "चेन सटकन, सर." सटकू दे म्हटलं.

पुढच्या रविवारी टेम्पोनं सायकल जऊळक्यापर्यंत नेली आणि तिथून मी चढलो. पन्नाशीला आलेला माणूस, पण मामाला दाखवून द्यायचं होतं, म्हणून जड गिअर टाकला. चढाच्या निम्म्यातच डोळ्यांपुढं काजवे चमकले. हलका, आणखी हलका करत शेवटी त्याच झिजलेल्या चक्रावर आलो आणि दर दहा पावलांना सटकणाऱ्या चेनला शिव्या देत वर पोचलो.

मामाबद्दल मला आजही आदर नाही. तो खोटारडा होता, बढाईखोर होता आणि माझे गणिताचे मार्क त्यानंच बुडवले.

कडुलिंबापाशी आल्यावर मी मागंपुढं पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. उतरलो, सीट उचलली, पायडल हातानं फिरवलं. खडखड, खट्. मग लाल तोंडानं पारापर्यंत चक्करही मारून आलो.

दारात सायकल टेकवली तेव्हा आत चहा उकळत होता. चुलीपुढं बसलेल्या मामीनं मागं वळून पाहिलं नाही.

"आज लय उशीर केला," ती म्हणाली.