बांबू आणि झूल

शिराळ्याच्या एसटीत शेजारच्या आजींनी माझ्या हातातल्या इंग्रजी पेपरावर बोट ठेवलं.

“आवं भाऊ, मला येक इंग्रजी शब्द द्या, जावयाला ऐकवायला. मी लेकीकडं गेले की जावई तिच्याशी इंग्रजीतच बोलतोय. माझंच काय काढत असंल, मला कसं कळावं?”

मी विचार करून ‘बॅम्बूझल’ दिला. अर्थही सांगितला: समोरच्याला पार चक्रावून टाकणं.

“बांबू आन् बैलाची झूल! ऱ्हातंय ध्यानात.” वाटभर त्या पुटपुटत होत्या.

शिराळ्याला आम्ही दोघं उतरलो. लेक-जावई न्यायला आले होते. आजींची भलीमोठी पिशवी बघून जावई बायकोला इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

“जावईबापू, मला उगं बांबूझलू नका!”

जावयानं आ वासला. लेक ओढणीत तोंड लपवून हसली. मग त्यानं पिशवी उचलली आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, “चला मामी, गाडी तिकडं हाय.”

आजींनी मागं वळून मला डोळा मिचकावला. “बांबूझलला!”

घरी येऊन मी शब्दकोश पाहिला. हे रूप त्यात नाही. तरी चूक म्हणायला जीभ रेटत नाही.