आपल्यातले डॉक्टर

नोकरीतल्या कित्येक केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र जशीच्या तशी राहिली. ती आठवली की आजही मला आधी हसू येतं, आणि मग वाटतं, थोडक्यात वाचलो. नावं कोणाचीच देत नाही. त्यातली मंडळी इथेच आसपास आहेत आणि सुखात आहेत.

मी तेव्हा देवासच्या एका ठाण्याचा टीआय, म्हणजे प्रमुख होतो. घर धारला, नोकरी तिथे. या वेळी खबर आली ती मुखबिराकडून, म्हणजे आमच्या खबऱ्याकडून नव्हे, माझ्या बायकोकडून. बाई हळदीकुंकवाहून परतल्या त्या खुशीतच.

"अहो, पुण्याचे प्लास्टिक सर्जन येतात आता देवासला. आपल्यातलेच आहेत. काय सुंदर मराठी बोलतात! आपल्या कॉलनीतल्या त्या मुलीच्या नाकाचं ऑपरेशन उद्या तेच करणार आहेत."

"कुठल्या हॉस्पिटलात?"

"हॉस्पिटल कशाला? ब्यूटी पार्लरच्या वरच्या खोलीत. अगदी छोटंसं आहे म्हणे."

माझा चहा तिथेच थांबला. नाक कापायचं आणि हॉस्पिटल नको, हे गणित काही जुळेना.

ती मुलगी आम्हाला ठाऊक होती. वडील कारखान्यात, ती स्वतः बँकेत. जन्मतः ओठ दुभंगलेला होता. लहानपणी तो शिवला, पण डावी नाकपुडी चपटी राहिली. लग्न ठरलं होतं, सासर धारचं. नवरा मुलगा चांगला, त्याची काहीच तक्रार नव्हती. हौस तिची स्वतःची होती. चापाची नथ लावली की ती घसरून ओठावर यायची, आणि लहानपणापासून प्रत्येक कार्यात हिने दुसऱ्यांच्या नथी पाहिल्या होत्या. एकदा शिवलेल्या त्या नाकात कोणा अडाण्याने पुन्हा सुरी घातली असती, तर नथ राहू द्या, श्वासाचेही वांधे झाले असते.

चौकशी केली तेव्हा कळलं, की याच डॉक्टरांकडून गालात इंजेक्शन घेतलेल्या एक बाई तोंडाला पदर लावून घरात बसल्या आहेत. शेजाऱ्यांना दाढदुखी सांगितली होती. मी साध्या कपड्यांत जाऊन भेटलो. गाल चांगलाच सुजला होता. आधी दवाखाना गाठा, असं मी त्यांना बजावलं. पण तक्रार द्यायला त्या तयार होईनात. म्हणाल्या, "लोक हसतील, साहेब. या वयात हिला काय सुचलं म्हणतील."

तक्रार नाही तर पोलिसाचे हात बांधलेले. म्हणून मी आरोग्य खात्याला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या पथकाबरोबर त्या खोलीवर गेलो. ऑक्सिजन नाही, भूल देणारा डॉक्टर नाही. पार्लरची मागे कलणारी खुर्ची, तिच्यावर हिरवी चादर. डॉक्टरसाहेब मात्र शांत होते. "या, बसा. चहा घेणार ना?"

चहा आम्ही त्यांना ठाण्यात पाजला. रोजनाम्यात नोंद केली आणि विचारपूस सुरू झाली. पदवी? कागद पुण्याला आहेत. मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक? बदली होऊन यायचाय. प्रत्येक प्रश्नाला नम्र, गोड उत्तर. आरोग्य खात्याच्या डॉक्टर बाई कौन्सिलकडे चौकशी करत होत्या, पण तिकडून काही उत्तर येईना. आमचा माळवी हवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साब, यो तो घणो मीठो बोले हे. म्हारे तो साचो लागे." त्या गोड बोलण्यावरून त्याला तो खराच डॉक्टर वाटू लागला होता.

तेवढ्यात ती मुलगी आणि तिची आई येऊन धडकल्या. आई भलतीच तापली होती.

"साहेब, तुम्ही आपले असून असं करता? लग्न तोंडावर आलंय! मी काय बिना चौकशीचं पोरीला सोपवणार होते?"

"काय चौकशी केलीत, वहिनी?"

"पूरी केली. मूळ गाव विचारलं. कुलदैवत विचारलं. आडनावावरून सोयरे काढले, तर त्यांची आत्या आमच्या जाऊबाईंच्या माहेरी निघाली. बिलकुल घरचा माणूस!"

"आणि शिकले कुठे, ते?"

वहिनी पदर सावरू लागल्या. "ते... इतक्या चांगल्या माणसाला कसं विचारायचं? बरं दिसतं का?"

डॉक्टर बाईंनी हसू लपवायला रुमाल काढला.

मुलगी मात्र टेबलाशी गेली. तिथे डॉक्टरांचा मोबाईल होता, त्यात आधीचे-नंतरचे फोटो. त्याने तिला ते दाखवले होते, पण भराभर बोट फिरवत. आता ती निवांत पाहू लागली. एका बाईचे दोन फोटो तिने शेजारी शेजारी लावले आणि अगदी साधेपणाने विचारलं,

"डॉक्टर, नाक तुम्ही सरळ केलंत, ठीक. पण हिची चमकी डावीकडून उजवीकडे कशी गेली?"

डॉक्टर म्हणाले, "तिने नंतर दुसरं भोक पाडून घेतलं असेल."

"आणि गालावरचा तीळ? तोही चमकीच्या मागोमाग गेला?"

हवालदार असा काही हसला, की बाहेरचा पहारेकरी डोकावून गेला. नाकाकडे आयुष्यभर पाहत आलेली मुलगी ती, तिच्या नजरेतून काय सुटणार!

गड्याचा चेहरा उतरला. मग भडाभडा सगळं बाहेर आलं. फोटो इंटरनेटवरचे, दुसऱ्याच कोणा सर्जनचे. कोणाला मूळ सापडू नये म्हणून तो ते आरशातल्यासारखे उलटवायचा. या बाईचा घाईत एकच उलटवला गेला. तो पूर्वी धार-देवासकडे पार्लरची मशीनं विकायचा, आणि मशीन चालवून दाखवता दाखवता सर्जन होऊन बसला होता. मूळ गाव, कुलदैवत, पुण्याचं घर, आत्या, सगळं खरं होतं. माणूस अगदी आपल्यातला होता. फक्त डॉक्टर नव्हता.

संध्याकाळपर्यंत कौन्सिलचं उत्तरही आलं: अशी नोंद नाही. खोलीला सील लागलं, गुन्हा दाखल झाला. आणि सुजल्या गालाच्या बाई बातमी ऐकून आपणहून ठाण्यात आल्या, पदर खाली घेऊन, आणि ठणकावून जबाब देऊन गेल्या. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झाला.

मुलगी नंतर इंदूरच्या एका सर्जनकडे गेली. वहिनींनी आत शिरतानाच कुठे शिकलात, नोंदणी क्रमांक काय, ऑपरेशन कुठे, भूल कोण देणार, सगळं विचारून घेतलं. ते रागावले नाहीत, उलट भिंतीवरच्या पदव्या समजावून सांगितल्या: आधी एमबीबीएस, मग सर्जरी, मग प्लास्टिक सर्जरीचं वेगळं शिक्षण. आणि स्पष्ट सांगितलं, "लग्नाआधी करणार नाही. सूज उतरायला महिने लागतात. लग्न करून या." लग्नात ती बिननथीची उभी राहिली. कोणी खोचक विचारलं की भैयाचं माळवी 'भिया' करून म्हणायची, "माझी नथ वेटिंगवर आहे, भिया!"

पोलिसी नोकरीत माणसं फसताना खूप पाहिली. बहुतेक लोभाने फसतात. इथे मात्र एक आई भिडेने फसत होती आणि एक बाई लाजेने. चांगलं दिसावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. त्यावर आपण हसतो, म्हणून माणसं पार्लरच्या जिन्याने चोरून वर जातात. चार लोकांत सांगून, पदवी विचारून, मोठ्या दाराने हॉस्पिटलात जावं. खऱ्या डॉक्टरला प्रश्नांचा राग येत नाही, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

निवृत्तीनंतर मी धारला घरी आलो. एका सकाळी दारात ती उभी, नवऱ्याबरोबर, हातात पेढे. नाकपुडी छान वर आलेली. ओठावरची पुसट रेघ तशीच होती. ती तिने राहू दिली होती. नाकात मोत्यांची नथ. बायकोने तिला जवळ घेतलं आणि माझे डोळे उगाचच भरून आले.

"काका, बघा हं," ती म्हणाली. आणि आमच्या उंबऱ्यावर उभी राहून तिने शाळकरी पोरीसारखी मान जोरजोरात हलवली. नथ जागची हलली नाही.