मळ्यातलं दुसरं ताट

ह्यांना जाऊन तीन महिने झाले होते. बाजारात नव्या गाड्या येऊ लागल्या तेव्हा ह्यांनी कुणाचीशी जुनी मारुती हौसेनं घेतली होती, आबिड्सच्या दुकानातून तंबूही आणला होता. ती गाडी काढून मी नल्लकुंट्यातल्या घरून निघाले. धाकटी जाऊ म्हणाली, "एकट्या नक्को जाऊ, ताई." मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

नाशिकजवळ वाइनच्या द्राक्षांचा एक मळा दिसला. तिथं तंबू ठोकू का, म्हणून विचारलं.

"एकट्याच आलात?" मालकीणबाई म्हणाल्या.

"हे मागून येतायत." असं का बोलले, ठाऊक नाही.

संध्याकाळी त्यांनी पिठलं-भाकरीची दोन ताटं आणली. एक माझ्यापुढे ठेवलं, दुसरं झाकलं.

"कधीपर्यंत येतील?"

"नाही येणार. वारले ते."

त्या झाकलेलं ताट ओढून माझ्याशेजारी जेवायला बसल्या. आता रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. भाकरी मात्र संपवली.

पुढे महाबळेश्वर, पाचगणीलाही तंबूतच राहिले. परतल्यावर जावेनं विचारलं, "कसं होतं?"

"थंडी होती," मी म्हणाले.