वाळूवरची फरशी

आमचे भाऊजी फरशी बसवणारे मिस्त्री. काम सोडून बरीच वर्षं झाली, पण कुणाच्याही घरात शिरले की आधी खाली बघतात, मग माणसांकडे. पाहुणे म्हणून गेलेले असले तरी टाचेने फरशी ठोकून ‘ही पोकळ बसलीय’ असं सांगून मोकळे होतात, आणि यजमानांचं तोंड बघण्यासारखं होतं. आयुष्यभर त्यांनी हाताखाली माणूस ठेवला नाही. गोणी स्वतः उचलायची, माल स्वतः कालवायचा, दोरीही स्वतःच धरायची. दोरीचं दुसरं टोक खिळ्याला बांधतील, पण ‘जरा धरतोस का’ म्हणणार नाहीत. कुणापुढे शब्द टाकायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटते. मला या माणसाबद्दल जितका आदर आहे, तितकाच त्याचा वैताग येतो.

त्यांची बायको म्हणजे माझी मोठी बहीण. ताईला लहानपणापासून समुद्राचं वेड. म्हणून काम सोडल्यावर दोघांनी किनाऱ्यावरच्या या छोट्याशा गावात दोन खोल्यांचं घर घेतलं. ओट्यावर बसलं की समोर सगळी वाळू. लांबच लांब, स्वच्छ, आणि बहुतेक वेळा रिकामी. एका टोकाला जाळी दुरुस्त करणाऱ्यांची शेड आहे, तेवढीच काय ती वर्दळ. सुरुवातीला ताई रोज सकाळी पाण्यात पाय बुडवून यायची आणि मला फोन करून सांगायची, आज पाणी कोमट होतं, आज गार होतं. मला काय त्याचं, पण ऐकायला बरं वाटायचं.

मग ती न्हाणीघरात घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. सपाटीवर ती चालते, पण मऊ वाळूत काठी रुतते आणि पाय वळतो, म्हणून डॉक्टरांनी वाळूत चालायला साफ मनाई केली. न्हाणीघरातली ती चकचकीत फरशी भाऊजींनी हौसेने स्वतःच्या हाताने बसवलेली होती. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. ताई दवाखान्यात असतानाच त्यांनी ती सगळी उखडून खरबरीत फरशी घातली. आणि त्यानंतर घरापासून पाण्यापर्यंत फरशीचा रस्ता करायला घेतला.

वाळूवर! अख्खा गाव बघायला जमला. भाऊजींनी दोरी लावली, पाणी भरलेल्या नळीने पातळी काढली, एकेक लादी ठोकून बसवली. लाद्या अशा काटकोनात की बघत राहावं. पावसाळ्यात समुद्राने खालची वाळू ओढून नेली आणि लाद्या दात पडल्यासारख्या लोंबायला लागल्या. पुढच्या वर्षी त्यांनी त्या खोल बसवल्या, तर समुद्राने वाळू परत आणून टाकली आणि रस्ता गाडला गेला. तिसऱ्या वर्षी खाली खडी भरली. त्या वर्षी काय झालं ते मी विचारलंच नाही. दरवेळी भाऊजींचं म्हणणं एकच, की माल हलका लागला. समुद्राकडे ते एखाद्या कामचुकार गवंड्याकडे बघावं तसे रागाने बघायचे. ही असली चूक फक्त आयुष्यभर पक्क्या जमिनीवर काम केलेला माणूसच करू शकतो.

जाळीवाल्या काकू, त्यांचा नवरा आणि दोन दीर, या चौघांनी पहिल्याच वर्षी येऊन सांगितलं होतं, की वहिनींना खुर्चीत बसवून उचलून नेतो, त्यात काय एवढं. भाऊजी म्हणाले, “माझी बायको आहे, सामान नाही.” विषय संपला. ताई मूग गिळून बसली. चार वर्षं ती ओट्यावरून समुद्र बघत होती आणि मी दर सुट्टीत जाऊन भाऊजींशी वाद घालत होतो. माझा घसा बसला, पण भाऊजींनी पुढच्या लाद्या मोजायला घेतल्या.

या खेपेला मी गेलो तेव्हा भाऊजी सकाळीच खडी आणायला तालुक्याला गेले होते. ताईने काठी भिंतीला टेकवली आणि मला म्हणाली, “जा, काकूंना बोलावून आण.” मी उडालोच. पण काकू आणि मंडळी हातातलं काम टाकून आली. प्लास्टिकची खुर्ची, चार पायांना चौघं. ताई खुर्चीत अशी ताठ बसली होती, जशी काही परीक्षेला निघाली आहे. ओहोटी होती. त्यांनी तिला थेट पाण्याच्या कडेला नेऊन ठेवलं आणि हाक मारा, आलोच, असं सांगून ते शेडकडे गेले. ताईने पाय पाण्यात सोडले. मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो.

भाऊजी परतले ते रिकामा ओटा बघून धावतच आले. स्वतःच्या रस्त्यावरच्या शेवटच्या लादीवर येऊन थबकले, मग बुटांसकट वाळूत उतरले. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. पण त्यांनी नुसतं पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, भरती लागलीय, चला. आम्ही दोघांनी खुर्ची उचलली. दोन पावलांत माझे पाय रुतले, खुर्ची तिरकी झाली आणि ताई पडता पडता वाचली. परत प्रयत्न केला, परत तेच. पाणी खुर्चीच्या खालून जायला लागलं. मी शेडकडे वळून तोंडाशी हात नेला.

“तू नको,” ताई म्हणाली. “त्यांना मारू दे हाक.”

“अगं, पाणी वाढतंय.”

“वाढू दे.” मग ती भाऊजींकडे वळली. “अहो, मला रस्ता नको होता. चार माणसं हवी होती, ती समोरच बसलेली होती. त्या फरशीवर माझा पाय घसरला, एवढंच झालं. त्याची शिक्षा तुम्ही स्वतःला करून घेताय आणि भोगतेय मी.”

भाऊजींचा चेहरा पार उतरला. इतक्या वर्षांत त्या फरशीचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. एक लाट ताईच्या पोटऱ्यांपर्यंत येऊन गेली. माझ्या मनात आलं, या दोघांचं डोकं फिरलंय आणि मी इथे उभा राहून बहिणीला भिजताना बघतोय. भाऊजींनी शेडकडे बघून काहीतरी म्हटलं, ते त्यांच्या शेजारी उभं राहून मलासुद्धा ऐकू आलं नाही.

“मोठ्याने,” ताई म्हणाली.

त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. पहिली हाक वाऱ्याने नेली. दुसऱ्या हाकेला काकू उठून उभ्या राहिल्या, त्यांच्यामागून बाकीचे निघाले. तरी भाऊजी थांबेनात. ते चौघं वाळू तुडवत अगदी आमच्यापाशी येऊन उभे राहिले, तरी भाऊजींचं चालूच होतं, “या हो जरा, आम्हाला जमत नाहीये, या हो.”