लाइट आल्यावर मेल चालू करावा

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि ते कौतुकानं नव्हे. जवळा बाजारला आमची पिठाची गिरणी होती. दळण पुरतं उतरायच्या आत मी डब्यात हात घालायची आणि बोटं पोळून घ्यायची. माझी मोठी बहीण, ताई, अगदी उलट. ती गिरणीच्या ओट्यावर तासन् तास बसायची, डब्यांचे नंबर सांभाळायची, बायकांची भांडणं मिटवायची, आणि तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. एकाच आईच्या पोटी अशा दोघी कशा निपजल्या, असं बायका आमच्या तोंडावर म्हणायच्या. मला तिच्या त्या शांतपणाचा राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही थोडा येतो.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. जिल्हा नवा झालेला, आणि मी हिंगोलीत खोली करून राहत होते. एका कॉलेजच्या संगणक खोलीत नोकरी होती. खोलीत कोपऱ्यात लिनक्सचं एक मशीन होतं, त्यावर कॉलेजचा मेल चालायचा. मेल म्हणजे काय, तर आपण पाठवलेलं पत्र आधी त्या मशीनच्या पेटीत पडायचं, आणि मग टेलिफोनच्या लाइनीवरून हळूहळू बाहेर जायचं. लाइन एकच, तीही रडतखडत चालणारी. त्यात लोडशेडिंग. इन्व्हर्टर एवढासा, त्याच्यावर फक्त ते मशीन जोडलेलं. पंखा, स्क्रीन आणि टेलिफोनचा मोडेम लाइटीबरोबर जायचे आणि लाइटीबरोबर यायचे.

फळ्यावर आमच्या विभागाच्या सरांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं : लाइट आल्यावर मेल चालू करावा. खाली ती कमांड. संध्याकाळी दिवा लावावा तसं हे काम सगळे मनोभावे करायचे. कधी सर, कधी कार्यालयातले क्लार्क काका, कधी गणिताच्या मॅडम. लाइट आली की जो आधी आत येईल तो कमांड मारायचा आणि समाधानानं बाहेर जायचा. मीही मारायचे. काहून मारायची, हे कुणी विचारलं नव्हतं.

एका उन्हाळी दुपारी ताई जीपमधून उतरून थेट कॉलेजात आली. नर्सिंग करून ती गावाजवळच्या दवाखान्यात काम करत होती. पुण्याच्या एका इस्पितळानं तिला निवडलं होतं. त्यांचं पत्र पोस्टात फिरत फिरत त्या दिवशी पोचलं, आणि पत्रात लिहिलं होतं की होकार आणि सर्टिफिकेटं आज कार्यालय बंद व्हायच्या आत मेलनं पाठवा, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावू. घरात आईचा पुण्याला विरोध होता. तिच्या मनात नरसीचं स्थळ भरलं होतं, आणि त्या लोकांना घराबाहेर काम करणारी सून नको होती. बाबांनी तोडगा काढला होता : पुण्याचं जमलं तर लेकरू जाईल, न्हाई जमलं तर स्थळाला हो म्हणू. म्हणजे सगळं आता माझ्या त्या कोपऱ्यातल्या मशीनवर येऊन ठेपलं.

"होईल ना गं?" ताईनं विचारलं. तेवढंच. मग स्टुलावर बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मी कागद स्कॅन केले, मेल पाठवला, आणि पेटीत डोकावले. मेल तिथंच. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं, तरी तिथंच. त्याच्या आधीची पत्रंही तुंबून पडलेली. मी मेल सर्व्हर थांबवायची कमांड मारली. मशीन म्हणालं, थांबवला. चालू काय काय आहे ते बघितलं, तर मेलच्या प्रोसेस, म्हणजे तो चालवणारी कामं, रांगेनं चालूच. पुन्हा थांबवला. पुन्हा तेच. थांबलो म्हणतात आणि थांबत नाहीत, निलाजऱ्या कुठल्या. चारला आमच्याकडची लाइट जायची. बाजारातल्या इंटरनेट कॅफेची त्या वेळी गेलेलीच होती, त्यामुळे तिकडे पळण्यातही अर्थ नव्हता. मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. ताई जागची हलली नाही, आणि मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

"तुला काहीच कसं होत न्हाई?" मी म्हणाले.

"तू करून राहिली ना," ती म्हणाली. "मग मी मधे काय करू?"

सर आले. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "मशीन बंद करून चालू करा." बंद केलं तर ते उठायला किती वेळ घेईल याचा नेम नव्हता. मागच्या खेपेला डिस्क तपासत बसलं होतं ते संध्याकाळपर्यंत. मी नाही म्हटलं. "मग नऊ नंबरचा किल मारा सगळ्यांना," सर म्हणाले. नऊ नंबर म्हणजे विचारपूस नाही, निरोप नाही, सरळ मुंडी छाटायची. माझ्या स्वभावाला ते एकदम पटलं. मी बसले आणि बोटं कीबोर्डवर ठेवली.

तेवढ्यात क्लार्क काकांनी दारातून डोकं आत घातलं. "मेल जाऊन न्हाई राहिला का मॅडम? म्या सकाळी लाइट आल्याबराबर चालू केला होता."

"मीही केला होता, अकराला," सर म्हणाले.

मी स्क्रीनवर पुन्हा नजर टाकली. प्रत्येक प्रोसेससमोर ती कधी सुरू झाली ते लिहिलेलं होतं. आजची सकाळ, आजचे अकरा, कालची दुपार, परवाची. सगळ्या लाइट येण्याच्या वेळा. मला एकदम हसू आलं आणि रडूही. मशीन तर इन्व्हर्टरवर होतं. लाइट गेली म्हणून ते कधी बंदच पडलं नव्हतं. काळा पडायचा तो स्क्रीन. आणि आम्ही सगळे, लाइट आली की, चालू असलेल्याला पुन्हा चालू करत होतो. दर वेळी पत्रं वाहणारा एक नवा हमाल उभा राहत होता, आणि ते सगळे एकाच अरुंद दारात एकमेकांना ढकलत होते. थांब म्हटलं की मशीन फक्त शेवटी आलेल्याला थांबवायचं, कारण नोंद त्याचीच. बाकीच्यांना कुणी थांब म्हणालंच नव्हतं.

आता नऊ नंबर मारून सगळे उडवावेत असं हात शिवशिवून सांगत होते. पण त्यांच्यातल्या एकानं ताईचा मेल उचललेला दिसला. सर्टिफिकेटांचं ओझं घेऊन तो अर्ध्या वाटेवर होता. आणि मला गिरणी आठवली. दगडात दाणे असताना गिरणी बंद पडली तर ती पुन्हा फिरत नाही, वरचा दगड उचलून साफ करावा लागतो. म्हणून लाइट जायची वेळ आली की बाबा नवा डबा घ्यायचे नाहीत, पण आत गेलेलं दळण मात्र पुरं उतरू द्यायचे. कितीही बायका ओरडल्या तरी.

मी बाकीच्यांना एकेक करून साधा निरोप दिला : आवरा आणि निघा. बहुतेक मुकाट गेले. एकदोन हट्टी होते, त्यांच्या हातात काही नाही याची खात्री करून त्यांना नऊ नंबर दिला. ताईचा मेल नेणारा तेवढा ठेवला. दार मोकळं झालं.

मग थांबायचं होतं. माझ्या आयुष्यात मला जमलं नाही ते हे. सारखं बटन दाबून बघायची, उठायची, माठातलं पाणी प्यायची, परत बसायची. सर वैतागून चहाला गेले. घड्याळात चार वाजले, आणि मी पंख्याकडे बघत राहिले. पंखा फिरतच राहिला. त्या दिवशी लाइट वेळेवर गेलीच नाही, पाचपर्यंत होती. एवढी तडफड फुकट गेली. चारच्या थोडं पुढे पेटी रिकामी दिसली.

"गेला," मी म्हणाले.

"बरं," ताई म्हणाली. उठून साडी नीट केली आणि जीप चुकेल म्हणून निघाली. एवढ्या सगळ्यावर ही बाई नुसतं बरं म्हणून गेली. मी फळ्यावरचं ते वाक्य पुसून टाकलं. आठ दिवसांत कुणीतरी ते पुन्हा लिहिलं, पहिल्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तर आलं. सोमवारी रुजू व्हा. खोलीत मी एकटीच होते. एरवी मी चप्पल न घालता फोनकडे पळाले असते. पण त्या दिवशी मी पत्र दोनदा वाचलं, खिडकी उघडली, टेबलं पुसली. फोन केला की ताई जाणार होती. सुट्टीत घरी गेल्यावर ओट्यावर ती नसणार होती, आणि माझी पोळलेली बोटं धरून फुंकर कोण मारणार, असलं बालिश काहीतरी मनात येत होतं. दुपार टळायला आली तेव्हा एसटीडी बूथवर गेले आणि गिरणीतला नंबर फिरवला.

वाटलं, बाबा उचलतील. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला. गिरणीचा आवाज नव्हता, लाइट गेली असावी.

"आलं का गं?" ताईचा आवाज चढलेला होता. "काहून एवढा उशीर? सकाळपासून फोनपाशी बसून राहिले मी. दवाखान्यात गेले न्हाई, जेवले न्हाई. दोनदा रिसीव्हर उचलून बघितला, फोन मेला का म्हणून."

मी सोमवार म्हणाले. पलीकडे रिसीव्हर ओट्यावर आपटल्याचा आवाज आला, आणि आमची शांत ताई बाबांना हाका मारत अंगणात पळत सुटलेली मला ऐकू आली.