पलीकडच्या गावची कळशी

उस्मानाबादपासून लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास औशाच्या बाजूला पावसानं पाठ फिरवली. पुण्याच्या एका संस्थेनं गावोगावच्या हातपंपांसाठी देणगी जाहीर केली आणि कामाला तिथलीच माणसं घेतली. त्यात गुरम्माला सेविकेची नोकरी लागली. ती घरोघर सांगत फिरली, "बोअरची गाडी यायलीय, देवळामागची जागा साफ करा."

गाडी आली, पण वेशीवरून सरळ पुढं निघाली. गुरम्मा धावत आडवी गेली. संस्थेचे साहेब खाली उतरले.

"ताई, देणगी मंजूर झाली उस्मानाबाद जिल्ह्यासाठी. तुमचं गाव आता लातुरात गेलं."

"गाव कुटं गेलं, साहेब? हितंच हाय की!"

साहेबांनी मान खाली घातली. "माझ्या हातात काही नाही. तुमची नोकरी मात्र राहील, हद्दीच्या पलीकडच्या गावात."

घरात दुसरी मिळकत नव्हती, म्हणून ती गेली. तिथं पंपाला गोड पाणी लागलं. सगळ्यांनी तिच्याच हातून नारळ फोडवला. परतताना तिनं एक कळशी भरून डोक्यावर घेतली. वेशीत तिच्याच गावच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. एवढंसं पाणी कुणाच्या घागरीत ओतावं, ते गुरम्माला कळेना.